भुसावळचा गरम रस

भडगाव,
ता. २८ डिसेंबर १९५४

ती. सौ. अक्का हिस,

धाकट्या लीलाधरचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, थंडीने फक्त ओठ फुटलेत. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळून पाहा. (गुडघ्यांना उपयोग होत नाही, पण चोळणाऱ्याचे हात मऊ होतात असा घरचा अनुभव आहे.) पोरांचा खोकला गेला असेल अशी आशा करतो.

पत्रास कारण आपले दोन्ही काका. झुलाल आबा आणि उखर्डू नाना यांचा अबोला तुला ठाऊक आहे, पण तू लग्न होऊन धुळ्याला गेल्यावर तो सुरू झाला, तेव्हा कारण कोणी धड सांगितलं नसेल. सामाईक विहिरीवर नानांनी तेलाचं इंजन बसवलं आणि त्याच सुमारास आबांची म्हैस आटली. आबा म्हणाले, इंजनाच्या आवाजानं आटली. नाना म्हणाले, म्हैस बहिरी आहे. झालं! (म्हैस खरोखर बहिरी होती का, हे पाहायला कोणी गेलं नाही, आणि आता ती हयात नाही.) तेव्हापासून सख्खे भाऊ एका ओट्यावर बसले तरी तिसऱ्याशी बोलतात. तो तिसरा बहुधा मी. ‘त्यांना सांग, तंबाखू संपली,’ असं आबा म्हणणार, आणि नानांची डबी माझ्या मांडीवरून प्रवास करणार. हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. पण यंदा दसऱ्याच्या आसपास आबा तापानं पडले, तेव्हा नाना रोज बोळाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, ‘‘कसं शे तठे?’’ आणि उंबरा न चढता परत फिरायचे. ते काही मला पाहवेना. वाटलं, हे असंच चाललं तर यांची गाठ एकदम खांदा देतानाच पडायची. म्हणून नाताळच्या सुटीत मळ्यात भरिताचा बेत केला आणि दोघांनाही बोलावलं.

नुसत्या भरितानं काही होणार नव्हतं. भरीत आपल्याकडे भांडतानाही खातात. मला आठवला गेल्या नाताळातला भुसावळचा रस. केळीच्या वॅगनी भरायला गेलो होतो, तेव्हा ओळखीच्या एका गार्डसाहेबांनी घरी नेलं आणि त्यांच्या मंडळींनी संत्र्याचा रस लवंग, दालचिनी घालून गरम गरम प्यायला दिला. (त्यांच्या स्वतःच्या पेल्यात आणखी काय होतं ते मी विचारलं नाही. दारूबंदीचे दिवस आहेत.) पोटात शेगडी ठेवल्यासारखं वाटलं आणि मी अनोळखी माणसांशी तासभर प्रेमानं बोलत बसलो.

तुझ्या भावजयीला, बेबाला, हे सांगितलं तर ती म्हणाली, रस कधी कोणी तापवतं का, उद्या कलिंगड तळाल. तरी मी हटलो नाही. पहिल्या खेपेला संत्री सालीसकट उकळली; ते पाणी कारल्यानंही तोंड फिरवावं इतकं कडू झालं. दुसऱ्या खेपेला रस चांगला होता, पण पितळी पातेल्याची कल्हई गेलेली, तो कळकला. हिरवट रंग पाहून बेबानं पातेलं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. (घरात दुसरा अबोला परवडणारा नव्हता.) शेवटी माझा शाळासोबती नूर महंमद भाता घेऊन आला आणि पातेलं चांदीसारखं करून गेला. त्यालाही भरिताचं आवतण दिलं. तिसऱ्या खेपेला गूळ, लवंग, दालचिनीचं पाणी आधी उकळून घेतलं आणि खाली उतरवल्यावर रस ओतला. बेबानं वरून चिमूटभर सुंठ टाकली आणि त्या क्षणापासून ती कृती तिची झाली.

मळ्यात काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या, पंगत बसली. आबा एका टोकाला, नाना दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. रस निवू नये म्हणून पातेलं पोत्यात गुंडाळून केळीच्या आड ठेवलं होतं. (आता कळतं की तेच भोवलं.) मी पहिला पेला आबांना दिला. त्यांनी वास घेतला, वाफ घेतली आणि हळूच विचारलं, ‘‘कोठलं शे?’’

‘‘भुसावळच्या गार्डसाहेबांकडचं,’’ मी म्हणालो. म्हणजे कृती त्यांच्याकडची. पण कृती हा शब्द तोंडातच राहिला.

आबांनी इकडेतिकडे पाहिलं, उपरण्याआड पेला धरला आणि एका दमात संपवला. तिकडून नानांनीही. दुसऱ्या पेल्याला आबांचं पागोटं कलंडलं. तिसऱ्याला नानांची जीभ जड झाली. नूर महंमद घाबरून माझ्याजवळ आला. ‘‘लीलाभाऊ, मीपण दोन पेले घेतले. मला नुसता घाम आला. काही घातलं तर नाहीस ना?’’ मी त्याला आईची शपथ घेऊन सांगितलं, संत्रं आहे बाबा, नुसतं संत्रं.

तेवढ्यात नाना डुलत डुलत उठले, मला ओलांडून आबांपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, मनं इंजन भलतं वरडस.’’

सवयीनं मी निरोप पोचवायला तोंड उघडलं, मग लक्षात आलं की तो मला सांगितलेलाच नव्हता. पंगतीत घास थांबले. आबांनी हातातला पेला खाली ठेवला.

‘‘नही रे उखर्डू,’’ ते म्हणाले. ‘‘म्हैसच म्हतारी व्हयेल व्हती.’’

नाना लहान पोरासारखे रडायला लागले. आबांनी आपल्या उपरण्यानं त्यांचं नाक पुसलं, दारू फार वाईट असं सगळ्यांना बजावलं आणि आणखी एक पेला मागितला. माझ्याही डोळ्यांना धूर लागला. (वांगी केव्हाच भाजून झाली होती.)

काल नाना आबांकडे जेवले. आज सकाळी दोघं विहिरीवर इंजनाशेजारी बसून ओरडून ओरडून गप्पा मारत होते. बेबा म्हणते, पेल्यात काय होतं ते कोणाला सांगायचं नाही. म्हणून फक्त तुला लिहितो.

सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवतो, पोरांच्या पाठीवर धपाटा.

तुझा,
लीलाधर

ता. क. पत्र बंद करतो तोच आबा आले. मला गोठ्यात नेऊन म्हणाले, ‘‘हाई संत्रानं पाणी व्हतं, माले पहिल्या घोटलेच समजनं. पण उखर्डूले सांगू नको. त्याले लाज वाटी.’’

ता. क. दुसरा. आत्ता नाना येऊन गेले. त्यांनाही पहिल्याच घोटाला समजलं होतं. भाऊला सांगू नको म्हणाले.

ता. क. तिसरा. मूळ मुद्दा राहिलाच. आखाजीच्या सणाला पत्त्यांच्या डावावरून दाजींचं आणि माझं जे झालं, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तू तिथं होतीस. संक्रांतीला त्यांना घेऊन ये. भुसावळहून काहीतरी आणलंय, एवढंच त्यांच्या कानावर घाल. आणि लीलाधरला फार लवकर चढते, हेही आधीच सांगून ठेव.