सत्तावीस नंबरची सनई

कोलार रोड, भोपाळ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. श्रीकांतदादांस,

साष्टांग नमस्कार. पुढचं ‘विनंती विशेष’ नेहमीसारखं एका दमात लिहीत नाही, कारण या वेळी विशेष बरंच आहे आणि विनंती अगदी शेवटी आहे. तिथपर्यंत वाचा.

आम्ही बरे आहोत. थंडी पडल्यापासून मालतीचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. आमच्यासमोरचा रस्ता पुन्हा खणलाय. पुण्यात लेकीच्या घरी तुम्हाला करमायला लागलं असेल अशी आशा. मृणालनं कानाचं सांगितलं. उजवा गेला, डाव्याला यंत्र लावलंय, आणि डॉक्टर म्हणतात तोही फार तर वर्षभर साथ देईल. मी नुसतं ‘हो का’ म्हणालो.

मशीन येतंय. माझा पुतण्या आशिष उद्या गाडीनं निघतोय, मागच्या सीटवर तुमचा सिंथेसायझर गादीत गुंडाळून ठेवलाय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन मृणाल स्पीकरवर टाकते, आणि हे सगळ्या घरानं ऐकण्यासारखं नाही.

आधी मंडळाची बातमी देतो. यंदाच्या गणपतीत आपल्या स्टेजवर एकही वाद्य नव्हतं. तबल्याच्या जागी टॅब, ढोलकीच्या जागी फोन, आणि जिथं लोखंडी स्टँडवर आपलं मशीन असायचं तिथं आणखी एक टॅब, हॉटेलात मेनूकार्ड ठेवतात तसा तिरका. दादा, किळस आली. काचेवर बोटं घासायची आणि त्याला वाजवणं म्हणायचं! घाम आला की काच बोट ओळखत नाही, म्हणून वाजवणारा दर कडव्यानंतर पँटला बोटं पुसतो. समोर अडीचशे माणसं बसलेली, आणि हा पँटला बोटं पुसतोय.

त्यात सनया किती असाव्यात? एकशेचाळीस. रॉयल सनई, वेडिंग सनई, इमोशनल सनई एक आणि इमोशनल सनई दोन. सगळ्या एकाच पाकात बुडवून काढलेल्या, गिळगिळीत. तुम्ही एक सनई लावायला तीन आठवडे घेतले होते. इथं बोट सरकवलं की सनई, पुन्हा सरकवलं की बासरी, जरा जोरात सरकवलं की कुत्र्याचं भुंकणं. हो, तेही दिलंय त्यात, कशासाठी ते देव जाणे.

आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी, आरती ऐन रंगात आलेली असताना, पडद्यावर पाटी आली की मोफत मुदत संपली. सनई बंद. लोक टाळ्या वाजवत उभे, आणि वाजवणारा चष्मा कपाळावर सारून पासवर्ड आठवतोय. मागून कुणीतरी ओरडलं, “अंकल, हॉटस्पॉट दूँ क्या?” सगळे हसले. बाप्पांसमोर हसले.

वाचताना तुम्हाला वाटलं असेल, कुठल्या तरी नव्या पोरावर मी चिडलोय. दादा, तो पँटला बोटं पुसणारा मीच. टॅब माझा आहे. तीन वर्षं झाली घेऊन. तुम्हाला सांगितलं नाही.

मशीन उचलायचं म्हणजे दोन माणसं लागतात, रिक्षात मावत नाही, माझी कंबर धरते, ही सगळी कारणं खरी आहेत. टॅब पिशवीत टाकला की झालं. तुम्ही २०२१ मध्ये पुण्याला निघालात तेव्हा मशीन माझ्या दारात उतरवून म्हणालात, “बाळू, महिन्यातून एकदा तरी चालू करत जा. नुसतं पडून राहिलं की रुसतं ते.” पहिलं वर्षभर केलं. मग टॅब आला आणि मशीन माळ्यावर गेलं, मालतीच्या जुन्या पातेल्यांशेजारी.

आता दसऱ्याचं. सकाळी तुमचा फोन आला. सोनं-बिनं काही नाही, तुम्ही सरळ म्हणालात, “बाळू, सत्तावीस नंबर ऐकव रे. कानात यंत्र आहे, नीट ऐकू येतंय आज.” मी म्हणालो, संध्याकाळी करतो फोन. मशीन खाली काढलं, पुसलं, चालू केलं, सत्तावीस दाबलं. पूर्वी लँडलाइनचा रिसीव्हर उचलला की यायचा ना, तसला सपाट पूं आला. अठ्ठावीस दाबलं, तोच पूं. बत्तीसच्या बत्तीस जागी तोच. तुम्ही लावलेला एकही टोन, एकही आवाज उरला नव्हता.

मंजूषाला बोलावलं. मंजूषा म्हणजे अलीकडे मंडळाचा ऑर्केस्ट्रा सांभाळते ती, एमपी नगरच्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते. तिनं मागचं झाकण उघडलं आणि आतली रुपयाएवढी बॅटरी बोटावर घेऊन मला दाखवली. “काका, ये तो कब की मर चुकी है. हिच्यावरच सगळी मेमरी होती.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “कॅसेट असेल ना कुठली? आवाज मिळाला तर मी बनवून देते.”

चौऱ्याण्णव सालच्या गणपतीची कॅसेट होती. ती ऐकत तिनं माझ्याच टॅबवर सनई लावायला घेतली. त्यात आपल्या मशीनची नक्कलही मिळते, चित्रासकट, बटणांसकट. लावता लावता ती म्हणाली, “काका, थोडी नाक में बोल रही है. कमी करते.” मी उठून गॅलरीत गेलो. कारण हेच शब्द मी पूर्वी ऐकले होते, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पिपलानीच्या तुमच्या क्वार्टरमध्ये. तुम्ही मशीनवर वाकलेले, मी शेजारी, आणि सिंधूवहिनी पलंगावर मटार सोलत बसलेल्या. तुम्ही वाजवायचात आणि त्या मान वर न करता म्हणायच्या, “नाकात बोलतेय अजून,” “सर्दी झालीय तिला.” तीन आठवड्यांनी एकदाच मान वर केली आणि म्हणाल्या, “आता बरोबर.” तो सत्तावीस नंबर.

मंजूषानं पाऊण तासात केलं. चांगलं केलं, हे मान्य करायला मला जड जातंय.

संध्याकाळी मी तुम्हाला फोन लावला आणि टॅबच्या स्पीकरला चिकटवून धरला. तुम्ही “अजून एकदा” म्हणालात. मग “अजून एकदा.” आणि शेवटी म्हणालात, “हीच रे, हीच.” तेव्हा मी म्हणालो, “मशीन अजून ठणठणीत आहे, दादा.” हे वाक्य बोलायची काही गरज नव्हती. तुम्ही विचारलंही नव्हतं. माझं मीच बोललो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला फसवून वर खुंटा हलवून बळकट केला! त्यावर तुम्ही म्हणालात, “मग पाठवून दे. कान आहे तोवर वाजवतो.” त्या दिवसापासून मला माझ्या बोटांची शिसारी येते.

एवढं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. काल पहिल्यांदा पत्र लिहिलं ते इथंच संपवलं होतं. त्यात असं लिहिलं होतं की बॅटरी संपत आल्याची सूचना मशीन चालू करताना डिस्प्लेवर दिसते, पण तुम्ही डिस्प्लेवर काळी टेप चिकटवून ठेवलेली, ती काढायची नाही अशी तुमची सक्त ताकीद, मग मला कळणार कसं? वाचून बघितलं. फार पटण्यासारखं होतं. फाडून टाकलं.

टेप मी काढली होती दादा. २०१८ मध्ये.

भोपाळात पूर्वी सगळेच टेप लावायचे, दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी आपले टोन चोरू नयेत म्हणून. मला त्याचं काही नव्हतं. पण वाजवायचो मी! तुम्ही समोर उभं राहून हातवारे करायचात आणि पंचवीस वर्षं स्टेजवर हात माझे चालायचे. लोक येऊन म्हणायचे, “श्रीकांतजींची सनई, वा!” आणि टेप कुणापासून? तर माझ्यापासून. बत्तीस नंबर मला तोंडपाठ होते, पण त्यात काय आहे ते बघायची मला मनाई. हे मला आत कुठंतरी सारखं बोचत राहिलं. तुम्हाला कधी बोललो नाही. तुमच्यासमोर मी हो-दादा, हो-दादा करत राहिलो.

त्या वर्षी मंडळाच्या बैठका रविवारी सकाळी असायच्या. तुम्ही मला साकेत नगरच्या घरी सरावाला बसवून बैठकीला जायचात. पहिल्या रविवारी मी टेप उचलली आणि मशीन चालू केलं. पहिली ओळ आली ती इंग्रजीत, ‘चेंज बॅटरी’. दोन-तीन सेकंद राहिली आणि गेली. मी वाचली. मला तिचा अर्थ समजला. आधी सगळे टोन कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि मग बॅटरी बदलायची, तासाभराचं काम. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं कळलं? म्हणून गप्प बसलो.

ज्या आकड्यांवर टोन लावलेला असतो, ते आकडे मी उतरवायला लागलो. एका टोनचे सव्वाशेच्या वर आकडे, एकेक डिस्प्लेवर आणायचा आणि डायरीत लिहायचा. तीन रविवारांत आठ टोन झाले. टोनांना तुम्ही नावंसुद्धा दिली नव्हती, नुसते एस-एक, एस-दोन. तिसऱ्या रविवारी सत्तावीस काढला, आणि डिस्प्लेवर इंग्रजीत नाव आलं, सिंधू.

तेव्हा मला कळलं की टेप चोरांसाठी नव्हती. ऑर्केस्ट्रातली पोरं चिडवतील म्हणून तुम्ही लाजून लावली होती. आणि मी पंचवीस वर्षं ती माझ्या अपमानाला धरून बसलो होतो.

कळल्यावर तरी थांबायचं ना? नाही. लिहीत राहिलो. चौसष्टावा आकडा लिहिला आणि मान वर केली तर दारात वहिनी, हातात चहाचा कप. त्यांनी डायरी बघितली, लोंबकळणारी टेप बघितली, डिस्प्लेवर स्वतःचं नाव बघितलं. कप माझ्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, टेप नीट चिकटवा परत. कड उचललेली दिसली की त्यांना वाईट वाटेल.” आणि आत गेल्या. टेप कशीबशी दाबून, चहा तसाच ठेवून मी निघून गेलो.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. नसेल सांगितलं तर आता मी सांगतोय. आणि सांगितलं असेल तर सगळं माहीत असूनही तुम्ही मशीन माझ्याच दारात आणून उतरवलंत. हा विचार मनात आला की मला घरात बसवत नाही, गॅलरीत जाऊन उभा राहतो.

मशीन माझ्याकडे आल्यावर तर कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. टेप उचल, बॅटरी बदल, कोण विचारणार होतं? चार वर्षं केलं नाही. आळस म्हणा, टॅब म्हणा. एकदा माळ्याकडे बघून असंही मनात आलं होतं की जाऊ दे, संपू दे एकदाचे ते टोन.

आता विनंती.

मशीनमध्ये नवी बॅटरी टाकली आहे. सोबत डायरीची पानं आहेत. आठ टोन पूर्ण आहेत, मृणालला वाचायला सांगा आणि तुम्ही भरा. चोरले नसते तर तेही उरले नसते, पण याचं श्रेय मी घेत नाही, तुम्हीही देऊ नका. सत्तावीसचे चौसष्ट आकडे आहेत, त्यापुढं पान कोरं आहे. मंजूषा म्हणाली होती, उरलेले मी कॅसेटवरून काढून देते. मी नको म्हणालो. टॅबवरची तिची सनई पुसून टाकली. उरलेले आकडे तुम्ही लावा, कान आहे तोवर. कॅसेटही ठेवली आहे, पण तुम्हाला ती लागेल असं वाटत नाही. अडलात तर मंजूषाचा नंबर पाकिटावर लिहिलाय. तिचा कान चांगला आहे.

ते चौसष्ट आकडे आणि नाव मी काल भरलं. टेप परत लावली नाही. मृणालला नाव दिसेल, दिसू दे.

आत्ता सत्तावीस दाबलंत तर सनई नाकात बोलते, सर्दी झाल्यासारखी. मी फार वेळ वाजवली नाही. ती बरोबर झाली की मला फोन करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. केलात तर ऐकवा, नाही केलात तर मी समजून घेईन. पण ती बरोबर करा दादा, एवढंच मागणं आहे.

वहिनींनी सांगूनही टेप ज्याला नीट चिकटवता आली नाही, तो
बाळू