मान्य तफावत

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार

डॉ. अत्तरद्यांकडे गेलो. गुडघे, मनगटं, बोटं, सगळीकडे संधिवात. प्रेडनीसोलोनच्या रोज चार गोळ्या चालू आहेत, त्या आता दर दहा दिवसांनी अर्धी-अर्धी कमी करायच्या, तसा चार्ट करून दिला. एकदम बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टर तीनदा म्हणाले. तीनदा का? एकच गोष्ट माणूस तीनदा सांगतो तेव्हा पोत्यात माल कमी असतो, हा वजनमापे खात्यातला माझा बावीस वर्षांचा अनुभव.

त्यांच्या काट्यावर ७१ किलो भरलो. काट्यावर आमच्या खात्याचा शिक्का नाही. आकडा ग्राह्य धरत नाही.

८ मेला सुगंधाचं लग्न. एकुलती एक मुलगी. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं आहे. तारीख पुढे जाणार नाही, मागोमाग अधिक महिना लागतो. काल तिने विचारलं, नाना, तुम्ही पाटावरच बसाल ना? म्हटलं, बसणार म्हणजे बसणार.

संकल्प: ८ मेपर्यंत गोळ्या शून्य, वजन ६५, मांडी पूर्ण.

११ फेब्रुवारी

साडेतीन गोळ्या सुरू. अर्धी म्हणजे नक्की अर्धी पाहिजे. गोळीवर मधोमध रेघ असते, पण रेघेवर मोडली तरी दोन भाग सारखे पडत नाहीत. कंपनीत लक्ष कोणाचं असतं? ऑफिसात सोनं तोलायचा नाजूक काटा आहे, त्यावर तोलून घेतले. मोठा भाग आज, लहान उद्या. शिपाई झुलाल टक लावून बघत होता. सरकारी काम आहे म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी, रविवार

पहाटे बोटं उघडेनात. तांब्या धरता आला नाही, हिने चूळ भरवली. न्हाणीत रडलो. इथे लिहायला हरकत नाही.

अर्धी गोळी जास्त घेतली. कायद्यात प्रत्येक वजनाला थोडी कमी-जास्त सूट असते, तिला मान्य तफावत म्हणतात. अर्धी गोळी तफावतीत बसते.

२१ फेब्रुवारी

दुखणं तसंच. एक गोळी जास्त. तीही तफावत.

ही बाटलीतल्या गोळ्या मोजते. आज म्हणाली, हिशेबाने एकोणीस हव्यात, बाराच आहेत. घरात इन्स्पेक्टर कोण, हे एकदा ठरलं पाहिजे. डॉक्टरांना फोन हीच करत असणार. नाहीतर कंपाउंडरने मला पाहून मान का हलवली?

लग्नाच्या कुरडया घालणं चालू आहे. चीक खाल्ला, तीन वाट्या. चीक म्हणजे जवळजवळ पाणीच.

६ मार्च, रविवार

सुरत पॅसेंजरने नरडाण्याला जाऊन आलो. घरी सांगितलं, इन्स्पेक्शन. झुलालने पत्ता दिला होता. धनसिंग म्हणून आहे, सातपुड्यातल्या मुळ्यांची पावडर देतो. सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक. मी खोदून खोदून विचारलं. कुठली मुळी, कोण आणतं, कुटतं कोण? तो एवढंच म्हणाला, पंधरा दिनमा पयाले लागशात, भाऊ. मला पळायचं नाही, बसायचं आहे, असं स्पष्ट केलं.

७ मार्च

माझा कुणावर सहज विश्वास बसत नाही. सगळ्या एकशेवीस पुड्या सोन्याच्या काट्यावर तोलल्या. एकूणएक सारखी. एकीतही गुंजभर कमी नाही!

बावीस वर्षांत जळगाव बाजारात इतकं चोख माप पाहिलं नाही. असा माणूस लबाड असूच शकत नाही.

१० मार्च

चमत्कार. तांब्या धरला. शर्टाची बटणं स्वतः लावली. गोळ्या बंद. साडेतीन, तीन, अडीच असली रडतखडत उतरण नाही. थेट शून्य. डॉक्टर एकदम बंद करू नका म्हणतात ते का, हे आता लक्षात आलं. आम्ही बंद केल्या तर दवाखाना चालणार कसा?

हिला सांगितलं, चार्टाच्या पुढे आहे. खोटं नाही.

२७ मार्च

स्टेशनवरच्या मशीनमध्ये नाणं टाकलं. तिकिटावर ७६. मागे छापलंय, आपण स्वभावाने भोळे आहात. मशीनच्या लायकीची कल्पना यावरून यावी. रेल्वेला लेखी कळवणार.

भूक उत्तम. कळण्याची भाकरी चार, भरीत. मुळी अंगाला लागते आहे.

३ एप्रिल

सफारी शिवायला टाकलेला, पँट कमरेला येत नाही. शिंप्याचा टेप जप्त केला. ऑफिसातल्या मीटरपट्टीशी ताडून पाहिला, बरोबर निघाला. म्हणजे शिंप्याने कापड खाल्लं.

आरशात चेहरा गोल दिसतो. ही म्हणाली, आरसा तरी सोडा.

१० एप्रिल, रविवार

आज मांडीची रंगीत तालीम. सुताराकडून नवे पाट आले आहेत. सगळ्यांसमोर बसलो. पूर्ण मांडी! सुगंधाने टाळ्या वाजवल्या.

उठता येईना. दुखत काहीच नव्हतं, मांड्यांत जोरच नव्हता. झुलाल पाट घेऊन आला होता म्हणून बरं. तो आणि मेव्हणा लोटन, दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. लोटन दम खात म्हणाला, दाजी, वजन बठ्ठं पोटमा शे.

पाट दोन बोटं बुटका आहे. सुताराने लाकूड वाचवलं.

१५ एप्रिल

चंपालाल शेठच्या धान्याच्या दुकानावर अचानक धाड. त्यांचा मोठा काटा बरेच दिवस नजरेत होता. काल डाळ घ्यायला गेलो तेव्हा गंमत म्हणून वर उभा राहिलो, तर ८४ दाखवले! असला काटा गिऱ्हाइकाला बुडवणारच.

झुलालने सरकारी प्रमाण वजनं चढवली. वीस किलो, बरोबर. चाळीस, बरोबर. ऐंशी, शंभर, बरोबर. पुन्हा केलं. तीनदा केलं. शेठ हात जोडून म्हणाले, साहेब, म्हारो काटो खोटो कोनी. बाजार गोळा झाला. शिक्का मारावा लागला, प्रमाणपत्रावर सही करावी लागली.

झुलाल हळूच म्हणाला, साहेब, आते चढा. चढलो.

८४.

१८ एप्रिल, सोमवार

हिला पुड्या सापडल्या. ट्रंकेतल्या जुन्या फायलींखाली होत्या. एक उघडून ताटलीत पसरली आणि माझ्यापुढे ठेवली. पावडरीत एक तुकडा होता, कुटायचा राहिलेला. पांढरा, अर्धगोल. सरळ कडेला रेघेची खाच.

आधी वाटलं, हिनेच टाकला. म्हटलंही. तिने आत जाऊन गोळ्यांची बाटली आणली, एक गोळी रेघेवर मोडली आणि अर्धी शेजारी ठेवली.

ऑफिसात नेऊन दोन्ही तोलले. काटा मध्यावर स्थिर. तफावत शून्य.

२० एप्रिल

आम्ही दोघं डॉक्टरांकडे. डॉक्टर रागावले नाहीत, तेच लागलं. म्हणाले, पुडीत किती होतं देव जाणे, तुमच्या चेहऱ्यावरून आठ गोळ्या धरू. म्हणजे चारच्या आठ. मांड्या त्यानेच ढिल्या पडल्या. लघवीत साखर आली आहे. पुडी एकदम सोडली तर जीवावर बेतलं असतं. आता आठपासून खाली, दर दहा दिवसांनी अर्धी.

त्यांच्या काट्यावर ८४. शिक्का नाही तरी ८४.

नरडाण्याला खात्यामार्फत तक्रार करावी म्हटलं. तक्रार काय लिहू? वजन तर पूर्ण होतं.

२४ एप्रिल, रविवार

चार्ट मांडून पाहिला. ८ मेला साडेसात गोळ्या.

गोळ्यांची बाटली हिच्या ताब्यात. सकाळी मोजून हातावर ठेवते. मी पुन्हा मोजतो. आठच असतात.

सुगंधाला सांगितलं, पाटावर जमणार नाही बहुतेक. बसेन, पण भर मांडवात दोघांनी उचलावं लागेल. ती म्हणाली, नाना, तुम्ही उभे राहिलात तरी चालेल. मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी मांडववाला पितांबर आला. हिने सतरंज्या, पडदे, कनात सांगून झाल्यावर कन्यादानासाठी एक खुर्ची सांगितली. त्याने पेन्सिल थांबवली, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वहीत लिहिलं, बिनहातांची.

काटा नाही, वजनं नाहीत, नुसती नजर. माप बरोबर होतं.