दाढ माझी, उत्तर ह्यांचं

रोहा, मंगळवार, नोव्हेंबर १९९६

रागाने लिहायला बसलेय. दाढ काढायला गेले होते. माझ्या तोंडात आरसा घालून डॉक्टरांनी विचारलं, "काही आजार?" विचारलं कुणाला, तर ह्यांना! हे म्हणाले, "नाय हो, ठणठणीत हाय." बीपीची गोळी मी रोज ह्यांच्यासमोर घेते! इंजेक्शन दिलं आणि छाती अशी धडधडायला लागली, वाटलं संपलं सगळं. धडधड थांबल्यावर डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "रक्त कमी यावं म्हणून त्यात अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याने बीपी वाढतं. बीपी आहे हे सांगायचं ना, बाई!"

सांगायचं? मला विचारलंत कधी?

घरी आलो तर शेजारच्या काकू दारातच उभ्या. "कसं वाटतंय गो?" मी तोंडातला कापूस काढेपर्यंत हे बोलून मोकळे, "बरी हाय ती."