अर्थ फळ्यावर लिहायचा नाही

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

प्रशिक्षणाला येणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांची नावं आज कळली. माझ्याच वर्गात तू! आधी हसू आलं. मग तडक आमच्या संस्थेच्या संचालकांकडे गेले आणि म्हटलं, ही माझी सख्खी बहीण आहे, तिला दुसऱ्या कुणाकडे द्या. ते म्हणाले, साहित्य कसं शिकवायचं हे शिकवणारं इथं दुसरं आहे कोण? शिवाय शेवटच्या पाठाला सोबत एक प्राध्यापक असतील, तेव्हा संकोच सोडा.

म्हणून आधीच सांगून ठेवते. आमचा इथला आग्रह एकच आहे. कविता वर्गात नेली की तिचा अर्थ फळ्यावर लिहायचा नाही. इंग्रजी मुलांच्या घरची भाषा नाही, म्हणून तर त्यांना चाचपडू द्यायचं. अडली तर आपल्या भाषेत बोलू देत, पण अर्थ त्यांचा त्यांनी शोधायचा. तू अर्थ उतरवून देतेस आणि मुलं तो पाठ करून पास होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे, मीही तुझ्या हाताखाली तशीच पास झाले! शेवटी नववीच्या खऱ्या वर्गापुढे पाठ घ्यायचा असतो. तो जमला नाही तर शिक्षकाकडून इंग्रजी विषय काढून घेतात. त्या दिवशी मी तुझी बहीण नसेन, रागावू नकोस.

स्वेटर आण, वसतिगृहाच्या खोल्या गार आहेत. भावोजींना आणि त्यांच्या गुडघ्यांना नमस्कार. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी चिंगी

९ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. निम्मे आत्ता घे, उरलेले तुझी वागणूक बघून.

‘बहीण नसेन’ हे वाक्य तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, जेवायला तरी घालेल ना, तेवढं विचारून घे.

थट्टा राहू दे. आमच्या मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलंय, की इंग्रजी गेलं तर नदीपलीकडच्या शाखेत हस्तकला शिकवायची. दोन बस बदलून जायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. यांना धरून उठवायला दिवसभर घरात कोण असेल? आणि इंग्रजीवाचून मी शाळेत करू तरी काय?

अजून एक सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. अर्थ लिहून दिला की वर्ग माझ्या मुठीत राहतो. नाही दिला आणि एखाद्यानं असं काही विचारलं, की जे मलाच माहीत नाही, तर? केस पिकले तरी ती धास्ती गेलेली नाही.

येते. सांभाळून घे म्हणत नाही, पण माझ्याकडे बघून हसत जा.

तुझी ताई

१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

काल तू न भेटताच निघून गेलीस. खोलीवर आले तर चादरीची घडीसुद्धा करून ठेवली होतीस.

तुझी सुरुवात किती छान झाली होती! मुलगा दूर गेलेल्या, दार उघडं ठेवून बसणाऱ्या म्हातारीची ती कविता तू दोनदा वाचलीस आणि मुलं पुढे सरकून ऐकत होती. मग मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, की एवढी थंडी आहे तर म्हातारी दार का लावत नाही? त्याचं कारण कवितेत कुठंच सांगितलेलं नाही. तुझा चेहरा उतरला. तू पाठ फिरवलीस, ‘म्हातारी मुलाची वाट पाहत आहे’ असं फळ्यावर लिहिलंस आणि लिहून घ्या म्हणालीस. सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. त्या मुलाचा हात कितीतरी वेळ वरच होता.

प्राध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, मोठ्या आहेत, सोडून देऊ. मी नाही म्हटलं. ‘अनुत्तीर्ण’ मी लिहिलं, ताई. दुसऱ्या कुणाकडून तुला कळायला नको होतं.

ऑगस्टमध्ये तुझ्याच शाळेत पुन्हा पाठ घेता येईल. तेव्हा प्राध्यापक एकटेच येतील, मी नसेन. कर ना गं. चार शिव्या घाल, पण उत्तर पाठव.

चिंगी

२४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र नाही. भावोजींच्या दोन ओळी आल्या, की तब्येत बरी आहे, पण माझं नाव निघालं की तू भांडी जोरात घासतेस. रोज टपाल येऊन गेलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी तेव्हा चुकले असं मला वाटत नाही, आणि तरी झोप लागत नाही.

चिंगी

१९ ऑगस्ट

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

राग अजून आहे, तो आधी वाच आणि मग पुढचं वाच.

काल तुझे प्राध्यापक आले होते. मुख्याध्यापक त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले. मी मुद्दाम तीच कविता घेतली. खडू आधीच टेबलावर ठेवून दिला. आणि पुन्हा तोच प्रश्न आला, आमच्या एका मुलीकडून. दार का लावत नाही? फळा मागेच होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. मग एक म्हणाला, कडी मोडली असेल. कुणी म्हणालं, तिला कोंडल्यासारखं होत असेल. गलका वाढला, निम्मा इंग्रजीत, निम्मा आपल्या भाषेत. मी गप्प केलं नाही. तेवढ्यात जिनं प्रश्न विचारला होता तीच उठली आणि अडखळत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, की दार लावलं तर मुलगा येणार नाही हे खरं होईल.

चिंगे, इतकी वर्षं मी ती कविता शिकवते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. तिचं व्याकरण दुरुस्त करायचंही राहून गेलं.

प्राध्यापकांनी तिथंच ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. घरी आले तर तुझे भावोजी चौकट धरून दारातच उभे होते, गेल्या गेल्या त्यांना सांगितलं. सगळे खूश झाले.

मी मात्र तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. खाली त्यांची एकट्याचीच सही होती. तुझी असती तर बरं झालं असतं.

सुट्टीत ये. आणि उरलेले आशीर्वाद हे घे.

तुझी ताई