रिकामी चौकट चालणार नाही

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाई वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. (बाई, कंसातलं मोठ्याने वाचू नका.) इकडे सगळं ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

त्याचं असं झालं. नोकरी सांभाळून मी एक लायब्ररी लिहिली, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार तुकडा. फुकट, कोणीही उघडून बघावा, वापरावा. तिचं काम एकच, फॉर्ममधली महत्त्वाची चौकट रिकामी असेल तर पुढे जाऊ द्यायचं नाही. (डबा रिकामा दिसला की तू नाही का घर डोक्यावर घ्यायचीस!) कुठून कुठून शाबासकी आली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. परवा ती वापरणाऱ्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याची तक्रार आली. 'नातेवाइकाचा फोन' ही चौकट रिकामी ठेवता येईना, म्हणून एका पेशंटबाईंनी स्वतःचाच नंबर दिला. ऑपरेशननंतर नर्सने बाहेरच्या टेबलावरून तो लावला, तर घंटी आत पेशंटच्या उशाखाली. नर्स म्हणाली, "पेशंटला न्यायला या." उत्तर आलं, "आलेच!" आणि पेशंटबाई चपला घालून, एका डोळ्याने, आपल्या आपण घरी गेल्या.

मी त्याच्याशी तावातावाने भांडलो. चौकट भरलेली होती ना? मग माझ्या तुकड्याचा काय दोष? नंतर ते "आलेच" पुन्हा वाचलं आणि भांडण तिथेच सोडलं. आत्या, असं उत्तर देणारी बाई जगात एकच आहे.

आता काय करावं कळत नाही. स्वतःचा नंबर चालणार नाही असा नियम घातला, तर तू दूधवाल्याचा देशील. रिकामी चालेल म्हटलं, तर माझ्या लायब्ररीत उरलं काय? 'कोणी नाही' असा पर्याय ठेव, असं जाणकार म्हणतात. बरोबरच आहे. मी तो लिहिलाही. पण तू त्यावर बोट ठेवते आहेस असं डोळ्यांपुढे आलं आणि फार वाईट वाटलं. मग पुसला, पुन्हा लिहिला, सध्या अर्धा आहे.

तुझा गोंधळलेला भाचा

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे ना? त्या चौकटीत माझा नंबर लिही. हट्ट करू नकोस. (बाई, हे मात्र मोठ्याने वाचा. दोनदा.)

ता. क. २. आत्याबाई, मी सूनबाई. पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचलं. नंबर लिहायचा राहिलाच यांचा! राहू दे. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही आधी तोच लावून पाहिला होता, हे मला यांच्या फोनवरच्या न उचललेल्या कॉलमध्ये आज दिसलं. पत्राच्या मागे माझा नंबर लिहिलाय, तो द्या. मी उचलते.