गोलात कोणी उभे राहीना

श्री
दूधविनायक, काशी
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५६

चिरंजीव बिंदुमाधव भाऊजींस,

वहिनीचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे सारे ठीक आहे. तुमचे बंधू पाठशाळेत मुलांवर ओरडून घसा बसवून घेतात आणि घरी येऊन माझ्याकडे काढा मागतात. मामंजी बरे आहेत. थंडी यंदा अंमळ जास्तच आहे.

तुमचा फुटबॉल पोचला. टपालवाल्याने गठडी उंबऱ्यावर ठेवली आणि मला नुसत्या चामड्याच्या वासावरून कळले की कानपूरहून आली आहे. चिमट्याने उचलून न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवली. हसू नका. सोवळ्याचा स्वयंपाक चालला होता, मी दुसरे काय करणार? नीलकंठने मात्र ती तिथून पळवली आणि तडक गल्लीतल्या पोरांना दाखवायला नेली. मुंज झाली म्हणून तुमचा पुतण्या शहाणा झाला असेल असे समजू नका.

आता रोज दुपारी ही सगळी बटूमंडळी नावेने पलीकडच्या रेतीवर जाते. मीही एकदा गेले होते, सुनांच्या घोळक्यात, वनभोजनाच्या निमित्ताने. काय तो खेळ! सगळ्यांना पुढे पळायचे. बॉल जिकडे जाईल तिकडे दहाच्या दहा शेंड्या उडत चाललेल्या. मागे राहायला कोणी तयार नाही, आणि गोलात तर नाहीच नाही. शेजारच्या दिनानाथशास्त्र्यांचा ढुंढिराज अंगापिंडाने मोठा, म्हणून त्याला सांगितले, तर तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "हम गोल में नहीं जाएँगे. चमड़ा हाथ से कौन छुएगा?"

त्यांचा हिशेब असा, की पायाला चामडे लागले तर गंगेत पाय बुडवले की झाले. हाताने मात्र संध्या करायची, शाळिग्राम उचलायचा. म्हणून जो गोलात, तो बाटला! शेवटी त्यांनी युक्ती काढली. लोकर विटाळत नाही ना? नीलकंठने घरातून आजोबांची पूजेची धाबळी नेली, आणि गोलात जो उभा राहील त्याच्या हातांना ती गुंडाळायची असे ठरले. धाबळी नेलेली मला बरेच दिवस कळले नाही, कारण पूजा हल्ली तुमचे बंधूच करतात.

बंगाली टोल्याच्या मुलांशी सामना झाला तेव्हा त्या धाबळीने घात केला. बॉल येई, लोकरीवरून घसरे आणि आत जाई. पोरे रडकुंडीला आली. तेव्हा आपल्या नीलकंठने धाबळी सोडली, रेतीवर टाकली, आणि उघड्या हातांनी उभा राहिला. त्यानंतर एकही गोल झाला नाही म्हणे. हरले ते हरलेच, पण येताना नावेत त्याच्या शेजारी कोणी बसेना. आणि ढुंढिराजने घरी येऊन मामंजींना सगळे सांगून टाकले.

मामंजींनी त्याला खाटेजवळ बोलावले. मी दारात उभी, हातात पळी तशीच. तुम्हाला सांगते, तीन वर्षांपूर्वीची दिवाळी डोळ्यांपुढे आली. साहेबाच्या पलटणीच्या बुटांच्या कारखान्यात नोकरी धरली म्हणून तुमचे पान ओसरीत वेगळे मांडले होते, आणि तुम्ही वाढलेले तसेच टाकून स्टेशन गाठलेत.

"हात लावलास?" त्यांनी विचारले.

"लावला, आजोबा. सगळे आगे पळतात. कोणीतरी अडवायला पाहिजे ना?"

"आणि धाबळी?"

"तिच्यातून बॉल फिसलतो. काका तर कारखान्याच्या टीममध्ये गोलात उभे राहतात, उघड्या हातांनी. त्यांनी बॉलबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलंय. मला ओसरीत बसवणार असाल तर बसवा. काका आले की आम्ही दोघं तिथेच जेवू."

मला वाटले, आता घर डोक्यावर घेतील. ते म्हणाले, "दाखव हात." पोराचे स्नानसुद्धा झाले नव्हते. त्याचे तळवे त्यांनी आपल्या हातात घेतले, लाल झालेले, सोललेले, आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. "बिंदूचेही असेच व्हायचे, विटीदांडू खेळून आला की," असे म्हणाले. मग मला म्हणाले, "सूनबाई, भात आण. हा भरवील मला."

भाऊजी, दोन दिवसांत त्यांनी तोंडात काही घातले नव्हते. त्या दिवशी चार घास खाल्ले, त्याच हातांनी.

संध्याकाळी मीच विचारले, भाऊजींना पत्र घालू का? म्हणाले, "घाल. पण मी पडून आहे ते लिहायचे नाही. दया म्हणून तो यायला नको. पोराला गोलात उभे राहायला शिकवणारे आपल्यात कोणी नाही, एवढेच लिही."

म्हणून इतका वेळ इकडचे तिकडचे लिहीत बसले. या घरात आल्यापासून त्यांचा शब्द मी खाली पडू दिला नाही, पण आज मला ते जमत नाही. कार्तिकापासून ते उठलेले नाहीत. वैद्यबुवा नाडी बघतात आणि आमच्याशी न बोलता पायऱ्या उतरतात. मणिकर्णिकेचे नाव ते स्वतःच काढतात, आणि आम्ही काहीतरी दुसरे बोलू लागतो.

तुम्ही मला मुलासारखे आहात. तुमचा राग रास्त आहे, तो टाकून या असे मी म्हणणार नाही. घेऊन या. भांडायचे असले तर त्यांच्याशी भांडा, त्यांना अजून सगळे ऐकू येते. पान आत मांडीन, त्यांच्या खाटेशी.

मिळेल त्या गाडीने या. आणि मी काही कळवले असे दाखवू नका. त्यांनी विचारले तर म्हणा, नीलकंठला गोलात उभे राहायला शिकवायला आलो.

सासऱ्यांचा शब्द पहिल्यांदाच मोडणारी,
तुमची वहिनी
विद्युल्लता