क्षमाच्या वाद्याला कावळ्याची पिसं

॥ श्री ॥
बसवनगुडी, बेंगळूर
२ नोव्हेंबर १९९६

चि. क्षमास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं, तरी लिहिलेलं तेच. कावळ्याची पिसं जमवून ठेव! अगं, परदेशी गेलेल्या पोरी आईकडं लोणचं मागतात, मेतकूट मागतात. बँकेतली नोकरी सोडून हॉलंडला शिकायला गेलीस ते हेच का?

मठातल्या भीमाचार्यांना विचारलं. कावळा पितरांचा, त्याचं पीस घरात नको, म्हणाले. अण्णांना विचारायची सोय नाही. तुझं नाव निघालं की ते पेपर उभा धरतात. तरी मी चिमट्यानं एकेक उचलून न्हाणीघराच्या पत्र्यावर ठेवते आणि दर वेळी डोक्यावरून आंघोळ करते. दिवाळी तोंडावर आलेली, आणि मी ही अशी! एवढं तरी कळव, पिसं वाद्याला कुठं लावतात? वाजवायला की धूळ झटकायला?

माया आहेच, अक्कल तेवढी धाड.
तुझी आई

हेग
१९ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

झटकायला नव्हे गं! हार्प्सिकॉर्ड दिसतो पियानोसारखा, पण पट्टी दाबली की आत पिसाचा कापलेला तुकडा तार छेडतो. सतारीची नखी असते ना, तसा. आपल्या बेंगळुरातच व्हाइटफील्डच्या म्हाताऱ्या मडमकडं एक जुना आहे, त्यातली पिसं झिजलीत. पंखातली लांब तेवढीच घे.

जानेवारीत तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये मी तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत वाजवणार आहे. आपल्याकडची एक संगीतशाळा मला ऐकून नोकरी देईल म्हणते. इथल्या वाद्यवृंदानंही तीन वर्षांचा करार पुढं केलाय, त्यावर फेब्रुवारीअखेर सही हवी. पण मला घरी यायचंय, आई. अण्णांनी एकदा ऐकलं तर ये म्हणतील. आणशील त्यांना?

लोभ आहेच, अण्णांचा राग स्वल्प कमी व्हावा ही विनंती.
तुझी क्षमा

॥ श्री ॥
बसवनगुडी, बेंगळूर
१० फेब्रुवारी १९९७

चि. क्षमास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचं पत्र नाही, म्हणजे रुसलीस. रुसशील नाहीतर काय. वाजवणं संपल्यावर शाळेनं नोकरी देऊ केली, तू हसत सांगायला आलीस, आणि अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले की इथं येऊ नकोस, तिकडंच राहा. चार वर्षं ज्यांनी पोरीला ओळ लिहिली नाही, ते कोट घालून पहिल्या रांगेत बसले काय आणि हे बोलले काय! मला काही सुधरेना. घरी येऊन मी त्यांच्याशी भांडले. पोळी वाढली, तूप वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून बोलले. वाजवणं त्यांना कळलं नाही म्हणे. मला तरी कुठं कळलं? मोत्यांची माळ तुटून परातीत सांडावी तसं वाटत होतं, आणि तू कितीही जोरात दाबलंस तरी आवाज तेवढाच, हे काय नवलच. पण अण्णा मागं वळून लोकांकडं बघत होते. निम्मे घड्याळ बघत होते, बाकीचे चहाच्या टेबलाकडं. माझी पोर वाजवताना कुणी घड्याळ बघितलेलं मला खपत नाही, म्हणाले. जिथं ऐकणारे आहेत तिथं राहू दे.

यात राग किती आणि माया किती, मला मेलीला उलगडत नाही. मी राघवेंद्रस्वामींच्या मठात जाऊन बसले, तिथंही उलगडलं नाही. मला तू घरी हवीस. रोज दिवा लावताना हेच मागते. मागते एक आणि तुला सांगते दुसरंच, असं झालंय बघ. क्षमा, सही कर.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई